फळ्यावरची चौकट

सोनाआत्यानं गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढला, तेव्हा मी नळावर दात घासत होतो.

"आरं माझ्या निवास रंऽऽ! कसा गेलास रं लेकरा, आत्याला न सांगता!"

सकाळचे आठ वाजले असतील. मी ब्रश तोंडात तसाच धरून वळलो. आत्या कागलची, माझ्या बापाची धाकटी बहीण. डोक्यावरचा पदर घसरलेला, पायात दोन वेगळ्या चपला, आणि मागं आधाराला म्हणून एसटीचा कदम ड्रायव्हर. माझ्यावर नजर पडली आणि तिचा हंबरडा मधल्यामध्येच अडकला. मग ती पुढं आली, माझे दोन्ही गाल चाचपून बघितले आणि खाडकन एक ठेवून दिली.

"मुडद्या! जित्ता हायस व्हय!"

"मी कशाला मरतोय?" मी फेस थुंकत म्हणालो.

"मग ह्यो कदम काय म्हणतोय? तालमीच्या फळ्यावर तुझं नाव लिवलंय. श्रद्धांजली म्हणून! वयासकट!"

कदम बिचारा मिरजेचा, बदली होऊन महिनाच झालेला; कागलच्या फेरीवर आत्याची ओळख पडलेली. पहाटे डेपोला जाताना त्यानं फळा वाचला आणि सहाच्या गाडीनं कागल गाठून आत्याच्या दारात बातमी टाकली. त्याचं काही चुकलं नव्हतं. शहाण्या माणसानं तो फळा वाचला तर दुसरं काय समजणार? खरा अर्थ फक्त आमच्या पेठेलाच कळत होता.

मी ब्रश तिथंच टाकला आणि लुंगीवर तालमीकडं पळालो.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरातली. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. पेठेपेठेला तालीम, तालमीतालमीला संघ आणि घराघरात पाच-पाच प्रशिक्षक. आमची पिंपळकट्टा तालीम. तालमीच्या भिंतीला एक काळा फळा होता आणि तीस वर्षं रोज पहाटे पाच वाजता त्यावर माझा बाप लिहीत होता. बळवंत ईश्वरा सरनाईक, एसटीत कंडक्टर. सगळी पेठ त्याला आण्णा म्हणायची, मीही.

आण्णा फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ मारायचा. डावीकडं 'देश', उजवीकडं 'तालीम'. खाली सही, 'एक प्रेक्षक'. प्रेक्षक कोण ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण सही तशीच. डावीकडं लिहायचा, 'दिल्लीत प्रत्येकाला मंत्री व्हायचं आहे.' उजवीकडं लिहायचा, 'आपल्यात प्रत्येकाला गोल मारायचा आहे. मग पास कोण देणार?' त्याच्या लेखी देश आणि तालीम एकाच आजारानं आजारी होते. औषधही एकच. कुठला पक्ष त्याच्या खडूतून सुटला नाही. कट्ट्यावर बसून फळा मोठ्यानं वाचणारे हिंदुरावकाका त्याचे जिवलग दोस्त. ते एका पक्षाचे पक्के. त्यांच्या पक्षाला फळ्यावर शिवी पडली की काका आठ दिवस आण्णाच्या चहाला हात लावायचे नाहीत. मग दुसऱ्या पक्षाला शिवी पडायची आणि काका गुमान कपबशी उचलायचे.

आण्णाला दोन गोष्टींचा भयंकर तिटकारा होता. एक घराणेशाही. 'बापाची खुर्ची पोराला, म्हणजे देशाची वतनदारी' हे वाक्य वर्षातनं चारदा तरी फळ्यावर यायचंच. दुसरं म्हणजे पक्षांतर. कुणी नेता पक्ष सोडून गेला की आण्णा फळ्याच्या कोपऱ्यात खडूची जाड चौकट आखायचा आणि आत त्या नेत्याला भावपूर्ण श्रद्धांजली वाहायचा. पुढं पुढं हाच नियम तालमीलाही लागू झाला. पिंपळकट्टा सोडून जो खेळाडू दुसऱ्या तालमीत गेला, त्याची दुसऱ्या दिवशी चौकट. पेठेत लोक पोटभर हसायचे. गेलेला खेळाडू मात्र महिनाभर त्या रस्त्यानं फिरकायचा नाही.

त्या दिवशीच्या चौकटीत लिहिलं होतं, 'कु. निवास बळवंत सरनाईक, वय २३, यांस भावपूर्ण श्रद्धांजली. एक प्रेक्षक.'

अक्षर नेहमीसारखंच मोत्यासारखं. कुठं खाडाखोड नव्हती.

मी गोलकीपर. तीन हंगाम पिंपळकट्ट्याच्या बाकावर बसून काढलेले. गोलात पोपट उभा राहायचा. पोपट माणूस सोन्यासारखा, पण हवेतला बॉल आला की डोळे मिटायचा. सरावात मी उभा, सामन्यात पोपट. आमचा कॅप्टन गजा पाटोळे रोज संध्याकाळी माझ्यावर पन्नास-पन्नास पेनल्ट्या मारायचा आणि म्हणायचा, "निवास, तू गोलात असतास तर आपण कप सोडला नसता रं." म्हणून काय उपयोग? संघ निवडायची पाच माणसांची समिती होती आणि त्या पाचांत माझा बापही होता.

नोंदणीची तारीख जवळ आली तसं तोफखाना तालमीकडनं बोलावणं आलं. तोफखाना म्हणजे आमचे सात पिढ्यांचे वैरी. मी फॉर्मवर सही केली, घरी आलो आणि जेवताना सांगून टाकलं.

आण्णाचा घास हातात राहिला.

"कुठं?"

"तोफखान्यात. पहिला कीपर म्हणून. बाकावर न्हाई."

"आरं, माणूस उपाशी मरंल, पण..."

"आण्णा, मी तीन वर्षं उपाशीच हाय. तुम्ही समितीत होता. माझ्यासाठी एक शब्द तरी टाकला का?"

आण्णानं ताट सारलं. "समितीतलं घरात बोलायचं नसतं," म्हणाला आणि उठून गेला. पहाटे पाचला खडू घेऊन बाहेर पडला, तो चौकट आखायलाच.

मी फळ्यापाशी उभा होतो तोवर माझ्यामागून आई आली. इंदुबाई सरनाईक तीस वर्षांत कधी तालमीच्या कट्ट्याजवळ आली नव्हती. कमरेला पदर खोचलेला, हातात ओलं फडकं. कट्ट्यावर आण्णा, हिंदुरावकाका आणि आणखी दोघं-तिघं बसलेले. आईला बघून सगळे उभे राहिले.

"पुसा ते," आई म्हणाली.

"फळा दुसऱ्या पहाटंशिवाय पुसत न्हाईत," आण्णा म्हणाला. "मंत्री आला तरी न्हाई. तुला ठाऊक हाय."

"माझं लेकरू जित्तं हाय आवं!"

"तालमीला मेलं."

आईनं हातातलं फडकं पिळलं, नीट घडी घातली. आम्हाला वाटलं आता रडणार. छे! ती एकदम शांत झाली.

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही फळ्यावर लिवलंय म्हणजे खरंच असणार. मग आजपास्नं आपल्या घरात तेरा दिवस सुतक. चूल पेटायची न्हाई. दाढी करायची न्हाई. गादीवर झोपायचं न्हाई. आणि सुतक फिटंस्तोवर घोळक्यात बसून सामना बघायचा न्हाई."

हिंदुरावकाकांनी तोंडावर रुमाल धरला. आण्णाला ठसका लागला तो लागलाच.

आईनं ते अक्षरशः पाळलं. आत्यालाही सांगून टाकलं, आलीच आहेस तर चार दिवस राहा, दुःखाचं घर आहे. चूल बंद. शेजारच्या घरांतून पिठलं-भाकरी येऊ लागली. शेजारणीही अशा बेरकी, की भाकरी आण्णाच्या हातात देताना पदराचं टोक डोळ्याला लावायच्या. आण्णा जमिनीवर घोंगडं टाकून झोपायचा. दाढीची खुंटं वाढली. डेपोत साहेबानं विचारलं, "सरनाईक, दाढी का केली नाही?" आता काय सांगणार? खोटं तो बोलायचा नाही. म्हणाला, "घरात सुतक आहे." साहेब हळहळला. म्हणाला, "कोण गेलं?" आण्णा म्हणाला, "मुलगा." दुपारपर्यंत सगळा डेपो भेटायला आला आणि त्यांना शेजारून आलेला चहा मीच दिला.

त्या दिवसांत आण्णा माझ्याशी बोलत नव्हता. मला दिसतच नसल्यासारखा वागायचा. मी समोरून गेलो की म्हणायचा, "वारा सुटलाय." मी त्याच्या शेजारी बसून भाकरी खाल्ली की आईला म्हणायचा, "पिठलं लौकर सरतंय, मांजर शिरतंय काय बघ." मला हसू यायचं, पण ते फार टिकायचं नाही. त्याच माणसानं मला सात वर्षांचा असताना सायकलवर पुढं बसवून स्टेडियमवर नेलं होतं. गोलमागं उभं करून म्हणाला होता, बघ, अकरा माणसांत ह्यो एकटाच सगळा सामना समोरनं बघतो. तेव्हापासून मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

हंगामाचा पहिला सामना अकराव्या दिवशी होता. पिंपळकट्टा विरुद्ध तोफखाना. चिठ्ठ्या टाकून ठरलेलं, कुणाचा दोष नाही. तीस वर्षांत पिंपळकट्ट्याचा एक सामना आण्णानं चुकवला नव्हता. माझ्या जन्माच्या दिवशीही तो स्टेडियमवरच होता. आई दवाखान्यात एकटी, आणि हा मला बघायला आला तो सामना संपल्यावर, गुलालानं माखलेला.

सामन्याच्या दिवशी मी किट भरत होतो. आण्णा दारात बसून कुणाकडंही न बघता म्हणाला, "सुतकातल्या माणसानं स्टेडियमवर गेलं तर चालतं काय?"

आई तांदूळ निवडत होती. चूल बंद असली तरी ती तांदूळ मात्र रोज निवडून ठेवत होती.

"पेठेच्या घोळक्यात बसून ओरडणार असशिला तर न्हाई चालत," ती म्हणाली. "लांब, एकटं, गप उभं राहणार असशिला तर चालतं."

"एकटं कुठं उभं राहायचं?"

"गोलमागं जागा असती की."

आईनं मान वर केली नाही.

स्टेडियम खचाखच भरलेलं. उजव्या अंगाला पिंपळकट्टा, समोर तोफखाना, मध्ये पोलीस. मी तोफखान्याचा पिवळा शर्ट घालून मैदानात उतरलो आणि आमच्या पेठेनं असा काही गलका केला, की कानात बोटं घालावीशी वाटली. "श्रद्धांऽऽजली! श्रद्धांऽऽजली!" लहानपणापासून ज्यांच्या घरी जेवलो ते काका, मामा, सगळे ओरडत होते. गजा नाणेफेकीला आला तेव्हा माझ्याशी हात मिळवताना त्याची नजर खाली होती.

पहिल्या अर्ध्यात तोफखान्यानं एक गोल केला. दुसऱ्या अर्ध्यात मी दुसऱ्या टोकाच्या गोलात गेलो आणि मागं बघितलं. जाळीमागं, कुंपणाला टेकून, खाकी कपड्यांत, अकरा दिवसांच्या पांढऱ्या खुंटांसकट माझा बाप उभा होता. एकटा. ना ह्या पेठेत, ना त्या. माझ्याकडं न बघता मैदानाकडं बघत होता.

पिंपळकट्टा तुटून पडला. मी तीन बॉल अडवले, एक खांबाला लागून गेला. आणि शेवटची पाच मिनिटं राहिली असताना तोफखान्याच्या बचावातल्या एका गड्यानं गजाला पाडलं. पंचानं शिट्टी वाजवली. पेनल्टी.

अर्धं स्टेडियम उभं राहिलं. गजानं बॉल ठेवला. मी रेषेवर उभा राहिलो. खरं सांगतो, मला भीती नव्हती. गजाच्या पेनल्ट्या मी तीन वर्षं खाल्ल्या होत्या. दहातल्या नऊ तो माझ्या डाव्या हाताला, खाली मारायचा. सवयच ती. आता पाय डावीकडं टाकायचा आणि बॉल उचलायचा, एवढंच. ही एक अडवली की पेठेला कळलं असतं, त्यांनी कुणाला बाकावर बसवलं होतं. सगळ्या पेठेला नाही. एकाच माणसाला कळायला हवं होतं आणि तो माझ्या मागं चार हातांवर उभा होता.

गजा मागं सरकला. पंचाच्या तोंडात शिट्टी गेली. आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा मला माझ्या बापाचा आवाज ऐकू आला. हळू, पण स्वच्छ.

"निवास. उजव्या हाताला."

वळून बघायला वेळ नव्हता, विचार करायलाही नव्हता. गजा धावत आला आणि मी उजवीकडं झेपावलो. बॉल बोटांना लागला, मग मनगटाला, आणि खांबाच्या बाहेरून गेला. तोफखान्याची पोरं माझ्या अंगावर येऊन पडली. त्यांच्याखालून मान काढून मी जाळीमागं बघितलं. आण्णा कुंपणाला धरून पाठमोरा, दाराकडं चालला होता.

एक-शून्यनं सामना संपला तसा गजा मैदानातच माझ्यापाशी आला. घामानं निथळत होता. "तुला कसं कळलं रं? अकरा दिवस मी दुसरी बाजू घोटली. मुद्दाम, तू डावीकडं जाणार म्हणून. समितीतली पाच माणसं सोडली तर कुणाला ठाऊक नव्हतं."

मी जाळीमागच्या रिकाम्या जागेकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आण्णा उठला तेव्हा मी जागाच होतो. खडूचा डबा घेऊन तो गेला. उजाडल्यावर मी तालमीकडं गेलो, तेव्हा कट्ट्यावर माणसं जमली होती. रोज मोठ्यानं वाचणारे हिंदुरावकाका आज मनातल्या मनात वाचत होते.

डावीकडं, 'देश' खाली लिहिलं होतं, 'पक्ष सोडून जाणाऱ्याला आम्ही शिव्या घालतो. तो का गेला, हे एकदा तरी विचारावं.'

उजवीकडं, 'तालीम' खाली, 'तीन हंगाम आपला चांगला कीपर बाकावर बसला. समितीत दरवेळी दोघं त्याच्या बाजूनं, दोघं विरोधात. पाचवं मत माझं. पोराला उभं केलं तर लोक घराणेशाही म्हणतील, म्हणून मी तीन वेळा पोराच्या विरोधात मत दिलं. देशाला शिकवलेली अक्कल मी घरात उलटी वापरली. पोरगं तालीम सोडून गेलं नाही, मी घालवलं.'

आणि खाली कोपऱ्यात जाड चौकट. 'श्री. बळवंत ईश्वरा सरनाईक, वय ५६. काल गोलमागे उभे राहून आपल्या तालमीचं गुपित समोरच्या कीपरला फोडलं. सबब भावपूर्ण श्रद्धांजली.'

तीस वर्षांत पहिल्यांदा खाली 'एक प्रेक्षक' नव्हतं. पूर्ण नाव होतं.

तालमीचे अध्यक्ष लाल झाले होते. "ह्या माणसाच्या हातनं खडू काढून घ्या," म्हणाले. "फितूर!"

हिंदुरावकाका उठले, फळ्यासमोर जाऊन उभे राहिले. "काढा की," ते म्हणाले. "पण आधी स्वतःच्या चुकीवर पूर्ण नावानं सही करणारा दुसरा कोण ते दावा. दिल्लीपास्नं गल्लीपर्यंत कुठला बी चालंल."

अध्यक्षांनी इकडंतिकडं बघितलं आणि चहा सांगितला. खडू आण्णाकडंच राहिला. समितीतून मात्र त्यानं आपणहून नाव काढलं.

घरी आलो तर आण्णा नळावर दाढी करत होता. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं.

"तिसरा बॉल हातात घ्यायला पायजे हुता," तो म्हणाला. "उगं ढकलून लावलास."

"व्हय," मी म्हणालो आणि मला रडूच फुटलं. त्यानं साबणाचा हात तसाच माझ्या डोक्यावर ठेवला.

आतून आई ओरडली, "आता ह्यांनी स्वतःचीच चौकट आखली म्हणं! मी कुणाकुणाचं सुतक धरू?" पण चूल पेटलेली होती आणि तांबड्या रश्श्याचा वास गल्लीभर सुटला होता. आत्या आदल्याच दिवशी कागलला परतली होती. कदमनं तिला नवी बातमी पोचवली तेव्हा तिनं निरोप धाडला, "आता दोघं खरंच मेल्याशिवाय मी येत न्हाई."

मी तोफखान्याकडून सहा हंगाम खेळलो. आण्णा पिंपळकट्ट्याच्या घोळक्यात बसायचा. पण दोन्ही तालमींचा सामना असला की दुसऱ्या अर्ध्यात माझ्या गोलमागं यायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही.

परवाच्या फेब्रुवारीत आण्णा गेला. झोपेतच, पहाटेच्या सुमाराला, खडूची वेळ झाली तेव्हा. आईनं मला खडूचा डबा दिला आणि म्हणाली, जा. मी फळा पुसला, मधली रेघ मारली. डावीकडं काही सुचलं नाही, उजवीकडंही नाही. मग कोपऱ्यात जाड चौकट आखली आणि आत त्याचं पूर्ण नाव लिहिलं. माझं अक्षर त्याच्यासारखं नाही.

मागं काठीचा आवाज आला. हिंदुरावकाका, आता पंच्याऐंशीचे. रोज पहिले तेच येतात. त्यांनी चष्मा लावला, चौकट वाचली आणि खुदकन हसले.

"आता ह्या वयात कुठल्या तालमीत गेला रं ह्यो?"

मी हातातला खडू खाली ठेवला. "काका," मी म्हणालो, "ह्या खेपेला खरंच गेले."